पाळणाघराची फी नेमकी कुणाच्या पगारातून वजा करायची?

पत्र: बाळ साडेपाच महिन्यांचं आहे आणि माझी रजा संपायला सहा आठवडे उरलेत. जवळच्या पाळणाघराची फी ऐकून नवरा म्हणाला, "तुझ्या पगाराचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तिथेच जाणार, वर तुझा येण्याजाण्याचा खर्च. एवढी ओढाताण कशाला? जरा हात आखडता घेतला तर माझ्या पगारात भागेल." सासूबाई म्हणतात, "मी आहे ना घरात, पाळणाघर हवंच कशाला?" पण त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना दोनदा थांबतात. मला नोकरी नकोशी झालेली नाही, पण बाळाला ठेवून जायचं म्हटलं की पोटात कालवाकालव होते. सगळे आकडे सोबत दिलेत, मात्र ते जसेच्या तसे छापू नका. काय करू?

उत्तर: तुमचे आकडे प्रमाण तेच ठेवून बदलले आहेत. नवऱ्याच्या हाती दर महिन्याला येणारा पगार १०० धरला. त्या मापात तुमचा पगार ७०, पाळणाघराची फी २५, आणि बाळ होण्याआधीचा घरखर्च ११८ होतो. त्यात घरकर्जाचा ३८चा हप्ता आलाच. पुढचं सगळं याच मापात.

आधी निर्णय, मग हिशोब: आत्ता राजीनामा देऊ नका. तुमच्या आकड्यांवरून तरी एका पगारात भागत नाही, आणि जे भागेल असं वाटतंय ते कागदावर मांडलेलं नाही.

नवऱ्याने केलेली वजाबाकी बहुतेक घरांत अशीच होते. फी आईच्या पगारातून वजा करायची आणि उरलं ते बघून "एवढ्यासाठी कशाला" म्हणायचं. बाळ दोघांचं असेल तर फीसुद्धा दोघांच्या पगारावर पडते. १०० आणि ७० या प्रमाणात वाटली तर २५ पैकी १५च्या जरा आत त्यांच्याकडून आणि १०च्या जरा वर तुमच्याकडून. यामुळे घरातली एकूण रक्कम बदलत नाही हे खरं. पण मग "दोघांपैकी कुणी घरी राहिलं तर घराचं काय जातं" असा प्रश्न पडतो आणि हिशोब दोन्ही बाजूंनी करावा लागतो. तुमच्याकडे तो केला तरी कमी नुकसान तुमच्या घरी राहण्यातच दिसेल, कारण तुमचा पगार कमी आहे. तरीही तो एकदा दोघांनी मिळून कागदावर करा. "तुझी नोकरी परवडत नाही" आणि "आपल्याला अमुक इतकी रक्कम सोडावी लागेल" या दोन वाक्यांनी घरातलं बोलणं वेगवेगळ्या वाटेने जातं.

आता तुमच्या ७०चं खरोखर काय होतं ते पाहू. पाळणाघराने सांगितलेली फी २५, पण खर्च २५वर थांबत नाही. प्रवेशशुल्क एकदाच द्यायचं असतं, ते वर्षावर पसरलं की महिन्याला १. अनामत परत मिळते म्हणून ती खर्चात धरू नका, पण पहिल्या महिन्यात ती खिशातून जाते हे लक्षात ठेवा. संध्याकाळी उशीर झाला की दर पाव तासाला दंड लावायची पद्धत असते. महिन्यातून चार दिवस अर्धा तास उशीर झाला तर १. बाळ आजारी असताना बिनपगारी रजा किंवा ऐनवेळी शोधलेली मदत, साधारण २. तुमचा प्रवास ५, बाहेरचं खाणं आणि घाईत घेतलेल्या तयार वस्तू ४, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या १, घरकामाची वाढीव मदत ३. एकूण ४२.

हे सगळे ४२ घरी राहिल्याने वाचत नाहीत. घरी राहणाऱ्या आईला भरपूर वेळ मिळतो हा समज ज्यांनी दिवसभर तान्हं बाळ सांभाळलेलं नसतं त्यांचाच असतो. बाळ कडेवर असताना दोन्ही वेळचा स्वयंपाक, कपडे, फरशी एकटीने होत नाही. बाहेरचं खाणं आणि मदत मिळून जे ७ धरले त्यातले निदान ३ घरी राहूनही जातात. म्हणजे खरी बचत ३९. ७०मधून ३९ गेले, उरले ३१.

एवढ्यावर थांबू नका, पगाराची चिठ्ठी काढा. हाती येतो तो पगार आणि मिळतो तो पगार यात फरक असतो. तुमच्या चिठ्ठीत निवृत्तीच्या निधीसाठी तुमचे ६ कापले जातात आणि कंपनी तेवढेच ६ घालते. हे १२ खात्यात दिसत नाहीत म्हणून वजाबाकीतून नेहमी सुटतात. ते धरले तर तुमच्या कामावर जाण्याने घराकडे महिन्याला ३१ नव्हे, ४३ येतात.

आता "भागेल" या शब्दाकडे वळू. बाळाआधीचा खर्च ११८. तुम्ही घरी राहिलात तर प्रवास, कपडे, बाहेरचं खाणं वगैरेंतून १० कमी होतील. बाळाचे डायपर, औषधं, लसी, तपासण्या, कपडे यांचे तुम्ही ९ लिहिलेत. बेरीज ११७. येणारा पगार १००. दर महिन्याला १७ची तूट. पाळणाघर आणि त्याचे जोडखर्च भरूनही दोन पगारांत खर्च १५६ होतो आणि १७०मधून १४ शिल्लक राहतात. एका बाजूला १७ची तूट, दुसऱ्या बाजूला १४ची शिल्लक. मधलं अंतर तेच ३१, म्हणजे बेरीज जुळली.

१७ची तूट हात आखडता घेऊन भरते का? ३८ हप्त्याचे आहेत, ते आखडत नाहीत. विमा, वीज, घरपट्टी, बाळाचे ९ यांनाही फारसा हात लावता येत नाही. कात्री लावायला खऱ्या अर्थाने ४५-५० उरतात आणि त्यातून १७ काढायचे म्हणजे तिसरा हिस्सा छाटायचा. एखादा महिना जमतं. सहाव्या महिन्यात क्रेडिट कार्डाची थकबाकी दिसायला लागते. तीही कुणी उधळपट्टी केली म्हणून नव्हे. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीची दुरुस्ती, बिघडलेलं फ्रिज, महिन्याच्या अंदाजात कुणी धरलेलेच नसतात. असे सगळे खर्च एका कागदावर लिहा, बेरजेला १२ने भागा आणि येणारा आकडा ११७मध्ये मिळवा. तुमच्या पत्रात हा भाग नाही, त्यामुळे खरी तूट १७हून जास्तच असणार.

नवऱ्याला पटवण्यासाठी वाद घालण्यापेक्षा चाचणी घ्या. उरलेल्या सहा आठवड्यांत तुमची रजा पगारी असेल तर पगाराच्या दिवशीच तुमचे ७० वेगळ्या खात्यात वळवा आणि घर फक्त त्यांच्या १००वर चालवा. अट एकच: त्या खात्याला हात लावायचा नाही आणि कार्ड वापरायचं नाही. पूर्ण अंदाज यायला तीन महिने लागतात, पण दीड महिन्यातही शेवटचा आठवडा कसा जातो ते कळतं. जमलं तर गाठीशी चांगली रक्कम राहील, नाही जमलं तर प्रश्न आपोआप सुटेल.

महिन्याच्या हिशोबात न दिसणारी गोष्ट म्हणजे फी कायम २५ राहत नाही. दीड-दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा गट सगळ्यात महाग, कारण तिथे तीन-चार बाळांमागे एक माणूस लागतो. मूल चालायला, स्वतःच्या हाताने खायला आणि संडासला सांगायला लागलं की एका माणसाकडे जास्त मुलं सोपवता येतात आणि फी उतरते. शाळा सुरू झाली की फक्त शाळेनंतरचे तास उरतात. म्हणजे तुम्ही सगळ्यात महागड्या वर्षाचा आकडा बघून पाच वर्षांचा निर्णय घ्यायला निघाला आहात.

पाच वर्षं मांडून बघू. तुमचा पगार वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर तो ७०, ७३.५, ७७, ८१, ८५ असा जाईल. फी पहिल्या वर्षी २५, दुसऱ्या वर्षी वाढून २७, मग गट बदलल्यावर २० आणि २१, पाचव्या वर्षी शाळेनंतरची १४. ३९पैकी फी सोडून बाकीचे १४ स्थिर धरले. हाती उरतील अनुक्रमे ३१, ३२.५, ४३, ४६, ५७. सरासरी ४२च्या आसपास. साठ महिन्यांची बेरीज २,५००च्या जरा वर, म्हणजे तुमच्या नवऱ्याचा आजचा सुमारे २५ महिन्यांचा पगार. वाढीचे आणि फीचे आकडे आम्ही गृहीत धरले आहेत. पाळणाघराकडून प्रत्येक गटाची फी लिहून घ्या आणि त्या जागी खरे आकडे घाला.

निवृत्तीच्या निधीतले महिन्याचे १२ पाच वर्षांत, व्याज सोडून, ७२० होतात. तेवढेच तसेच ठेवून पुढची २५ वर्षं ७ टक्क्यांनी वाढू दिले तर ३,९००च्या घरात जातात. महागाई वजा जाता ३ टक्केच उरले तरी दुपटीच्या वर. तरुणपणी घातलेल्या पैशाला वाढायला सगळ्यात जास्त वर्षं मिळतात, म्हणून हीच पाच वर्षं सोडणं महाग पडतं.

शिवाय परतीचा प्रश्न आहे. पाच वर्षांनी तुम्ही परत नोकरी शोधलीत आणि ६५वर मिळाली असं समजा. थांबला नसतात तर त्या सहाव्या वर्षी पगार ८९ असता. महिन्याला २४चा फरक, तोही पुढच्या प्रत्येक पगारवाढीचा पाया खाली ओढणारा. सगळ्याच क्षेत्रांत असं होतं असं नाही. जिथे परवाना किंवा नोंदणी चालू ठेवून मधेच परतता येतं, तिथे खड्डा लहान असतो. जिथे दर दोन वर्षांनी साधनं बदलतात, तिथे मोठा. तुमच्या कामाबद्दल हे तुम्हालाच जास्त कळेल. तुमच्या ओळखीत कुणी खंडानंतर परतलं असेल तर तिला किती पगारावर घेतलं ते विचारा.

कराचं थोडक्यात. जिथे प्रत्येकाचा कर वेगळा मोजला जातो, तिथे दुसऱ्या पगारावर करमुक्त मर्यादा पुन्हा एकदा मिळते, म्हणून एकाचे १७० आणि दोघांचे १०० अधिक ७० यात दुसऱ्या घराच्या हाती जास्त उरतं. जिथे नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरतात, तिथे दुसरा पगार वरच्या दराने कापला जाऊ शकतो. हाती येणारा आकडा धरून चाललात तर हे त्यात आलेलंच आहे. पण "उद्या माझी बढती झाली की १७० होतील" असं नवरा म्हणाला तर हा मुद्दा काढा.

एका पगाराचं घर चालवायचं तर निदान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी हवी, तुमच्या मापात ७००. दोन पगार असताना तीन महिन्यांची चालून जाते, कारण दोघांची नोकरी एकाच वेळी जाण्याची शक्यता कमी. बाळ किंवा सासूबाई तुमच्या कंपनीच्या आरोग्यविम्यात असतील तर राजीनाम्याआधी तो दुसरीकडे सुरू झालेला असला पाहिजे. आणि कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर पगार थांबल्याने तुमची जबाबदारी थांबत नाही.

सासूबाईंकडे येऊ. त्यांचा शब्द मनापासूनचा आहे, तो पूर्ण नाकारू नका, पण पूर्ण घेऊही नका. आज बाळ सहा-सात किलोचं असेल. वर्षाचं होईपर्यंत नऊ-दहा किलोचं होईल आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा जमिनीवरून उचलावं लागेल. रांगायला लागलं की मागे धावणं आलं. दुखऱ्या गुडघ्यांना रोज दहा तास हे झेपत नाही, आणि त्या स्वतः तसं कधी बोलणार नाहीत. मग एके दिवशी त्या आजारी पडल्या की त्याच सकाळी तुमची सगळी व्यवस्था कोसळते. त्यांना शेवटचे दोन तास द्या. दुपारी चार-साडेचारला कुणीतरी बाळाला पाळणाघरातून घेऊन यायचं आणि तुम्ही पोहोचेपर्यंत त्यांनी घरी सांभाळायचं. उशिराचा दंड वाचतो, कमी तासांची फी लागत असेल तर तीही उतरते, आणि आजीला बाळ मिळतं ते दमून जाण्याआधी. आणायला दोघांपैकी कुणाला जमत नसेल तर सोबतीला माणूस ठेवा, पण जिना त्यांच्यावर टाकू नका.

दोघांच्या कामाच्या वेळा सरकवता आल्या तरी तास कमी होतात. एकाने सातला निघून चारला परतायचं, दुसऱ्याने साडेनऊला बाळाला सोडून निघायचं. अर्धवेळ कामाचा पर्याय मिळाला तर आधी पाळणाघराला विचारा, कारण चार दिवसांसाठीही पूर्ण महिन्याची फी घेणारी पाळणाघरं असतात. आणि चार दिवसांच्या पगारात पाच दिवसांचं काम येणार नाही याची खात्री करा. बाळ शेजारी ठेवून घरून काम हा मार्ग यात धरू नका. दोन डुलक्यांच्या मधे जे होतं त्याला काम म्हणत नाहीत.

हे सगळं एका अटीवर: पाळणाघर नीट असलं पाहिजे. नसेल तर ३१ काय आणि ४३ काय. सांगितलेल्या वेळी जाऊन बघण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळं आवरलेलं असतं. न कळवता जा, तेही संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मुलं दमलेली आणि माणसं कंटाळलेली असताना. तान्ह्या बाळांच्या खोलीत उभं राहून बाळं मोजा आणि मोठी माणसं मोजा. मुख्य बाई धरायच्या नाहीत, त्या फोनवर आणि पालकांशी बोलण्यात असतात. एक बाळ रडलं की त्याच्यापर्यंत कुणी किती वेळात पोहोचतं ते बघा. डायपर बदलल्यावर हात साबणाने धुतले जातात की कपड्याला पुसले जातात, हे दहा मिनिटांत कळतं. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट गादीवर, उशी-दुलईशिवाय झोपवलं जातं का? "पोटावर छान झोपतात" असं उत्तर आलं तर दुसरं पाळणाघर शोधा. सांभाळणाऱ्या ताई किती वर्षं तिथे आहेत ते विचारा. दर तीन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर काहीतरी बिनसलेलं आहे. दाराला कडी कुणाच्या हाती आणि बाळ कुणाकुणाला न्यायला देतात, त्याची लेखी यादी ठेवतात का, हेही बघा.

मग कागद. वर्षात किती दिवस बंद, त्या दिवसांची फी लागते का, बाळ आठवडाभर आलं नाही तर सूट आहे का, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, अनामत किती दिवसांत परत, फी वर्षातून कधी आणि किती वाढते. तापाचा नियम विचारा. औषधाशिवाय २४ तास ताप नसल्याशिवाय घेत नसतील तर तो नियम चांगला आहे. तुम्हाला अडचणीचा वाटेल, पण तोच बाकीच्या बाळांच्या तापापासून तुमच्या बाळाला वाचवतो.

तरी पहिलं वर्ष आजारपणांचं जातं. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतोच, पाळणाघराच्या पहिल्या वर्षात आणखी जास्त. वर्षाचे दहा-बारा कामाचे दिवस यात जातील असं धरा आणि ते आत्ताच वाटून घ्या. पहिल्या आजारपणाला एकाची रजा, दुसऱ्याला दुसऱ्याची, आलटून पालटून, दिनदर्शिकेवर नाव लिहून. ठरवलं नाही तर प्रत्येक वेळी फोन तुम्हाला येईल, रजा तुमची जाईल, आणि वर्षाअखेरीस तुमच्या कामगिरीच्या अहवालात ते दिसेल. मग "तुझ्या नोकरीत पुढे काही नाही" हे वाक्य खरं ठरायला वेळ लागत नाही.

राजीनामा योग्य ठरेल अशाही वेळा असतात. जुळी असती किंवा दीड वर्षात दुसरं बाळ असतं, तर दोन फींमध्ये हे ३१ जवळपास संपले असते. बाळाला सतत वैद्यकीय देखभाल लागत असती किंवा आसपास एकही धड पाळणाघर नसतं, तरी. आणि तुम्हाला मनापासून घरी राहायचं असेल तर तेही पुरेसं कारण आहे, त्याला आकड्यांचं पांघरूण घालायची गरज नाही. कालवाकालव मात्र वेगळी गोष्ट आहे. कामावर रुजू होणाऱ्या बऱ्याच आयांना ती होते आणि बाळ रुळलं की बरीच निवळते. रुजू होऊन तीन महिन्यांनीही रोज सकाळी तितकीच होत असेल तर तेव्हा निर्णय घ्या. राजीनामा तीन महिन्यांनीही देता येतो, दिलेला परत घेणं अवघड.

तसं ठरलंच तर आधी बिनपगारी रजा मागा. निवृत्तीचा निधी काढून खर्चू नका. अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या निघतानाच घ्या. आणि तुमच्या नावावर दर महिन्याला १२ पूर्वीसारखे जात राहतील, नवऱ्याच्या पगारातून, हे आधी ठरवा. तेव्हा तूट १७ची नव्हे, २९ची होते. घरी राहण्याचा खरा खर्च तो.

तुमचे सहा आठवडे असे वाटून घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत तीन पाळणाघरं बघून एक ठरवा. तिसऱ्या-चौथ्यात बाळाला वाटी-चमच्याने किंवा बाटलीने काढलेलं दूध घ्यायची सवय करा, आणि ते दुसऱ्या कुणीतरी पाजायचं, कारण तुम्ही समोर असताना बाळ ते घेणार नाही. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवलेलं फ्रिजमध्ये वितळवलं की तिथेच ठेवून २४ तासांत संपवायचं. पाजून उरलेलं दोन तासांनंतर टाकायचं. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ. पाळणाघरात दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवत असतील तर थांबवा. ते काही ठिकाणी पोळण्याइतकं गरम होतं आणि बाहेरून बाटली कोमटच लागते. गरम पाण्यात बाटली धरून ठेवायला सांगा.

पाचव्या आठवड्यात रुळवायला सुरुवात. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत बसून तासभर. तिसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर जाऊन या. मग दोन तास, मग जेवणापर्यंत, मग एक डुलकी तिथे. सहाव्या आठवड्यात निदान दोन पूर्ण दिवस, तुमची रजा चालू असतानाच, म्हणजे फोन आला तर दहा मिनिटांत पोहोचता येईल. निघताना चोरून निघू नका. दोन शब्द बोलून, बाळ ताईंच्या हातात देऊन, मागे न वळता निघा. आठ-नऊ महिन्यांच्या सुमाराला परकी माणसं ओळखून रडण्याचा काळ सुरू होतो. तुमचं बाळ सात महिन्यांचं असताना तिथे रुळलेलं असेल, तर तोवर ताई त्याला परक्या राहिलेल्या नसतील. या दोन आठवड्यांतली निम्मी पोहोचवणी नवऱ्याकडे द्या.